परक्याच्या पैशावर शिकणारे

आमच्या खेड्यांतील एखादा मुलगा अथवा मुलगी शाळा संपवून कॉलेजात जाऊ लागली म्हणजे घरात दोन विचार एकदम सुरू होतात. पहिला हा की, फीचे पैसे कोठून आणावे. आणि दुसरा हा की, ते कोणी परक्याने दिले तर त्याच्यापुढे आपण किती वाकावे. पहिल्या विचाराविषयी सर्वजण उघड बोलतात. दुसऱ्याविषयी मात्र चुलीजवळ कुजबुज होते. बाप म्हणतो, "फुकटाचे नको, उद्या चारचौघांत बोलून दाखवतील." आई म्हणते, "देणाऱ्याचे पाय धर, आणि गुमान शिकून घे." दोघांच्याही म्हणण्यात काही खरे आहे व काही टाकाऊ आहे, ते निवडून पाहावे एवढाच ह्या पाठाचा हेतू आहे.

उदाहरण आम्ही अमेरिकेतील घेत आहो. तेथे बंधुसंघ म्हणून ज्या संस्था आहेत, त्यांच्या पैशावर आजवर लाखो मुलेमुली कॉलेजात शिकली, आणि देणाऱ्याने कसे द्यावे व घेणाऱ्याने कसे घ्यावे ह्याचे बरेवाईट दोन्ही नमुने त्यांच्या इतिहासात सापडतात.

बंधुसंघ म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. एका गावातील काही माणसे वर्गणी भरून एक मंडळ करतात, त्यास लॉज म्हणतात. ठरलेल्या दिवशी बैठक होते, नव्या सभासदाकडून शपथ घेतली जाते, काही खुणा व विधी गुप्त ठेवलेले असतात, आणि सभासद एकमेकांस बंधू म्हणून हाक मारतात. अशी शेकडो लॉजे मिळून एक संघ बनतो. हा सर्व थाट पाहून बाहेरच्या मनुष्यास हसू येईल. पण त्याच्या पोटात मोठी गरज होती. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, कारखान्यात काम करणारा मनुष्य मेला तर त्याच्या विधवेस विचारणारे कोणी नसे. सन १८६८ साली पेनसिल्व्हेनिया प्रांतातील मेडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च नावाच्या रेल्वेच्या कारागिराने कामकऱ्यांचा एक संघ काढला. त्याचा नियम साधा होता: सभासद मेला की बाकीच्या प्रत्येकाने एक एक डॉलर द्यावयाचा, आणि जमलेली रक्कम त्याच्या घरी पोहोचवावयाची. असल्या नियमांवर पुढे किती तरी संघ उभे राहिले. मग विम्याच्या कंपन्या वाढल्या, सन १९३५ साली अमेरिकन सरकारने वृद्धांकरिता व निराधारांकरिता कायदा केला, आणि बंधुसंघांचे हे मूळचे काम बरेच हलके झाले. तेव्हा ज्या संघांजवळ पैसा व माणसे शिल्लक होती, त्यांतील पुष्कळांनी विद्यार्थ्यांकडे अधिक लक्ष दिले. मेलेल्या बंधूच्या पोरांस पोसणारा हात जिवंत असलेल्या परक्याच्या पोरांपर्यंत पोहोचला, तो ह्या वाटेने.

ह्यांपैकी एका संघाची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. एल्क म्हणजे आपल्याकडील सांबरासारखा, पण त्याहून थोर अंगाचा हरिण. ह्या प्राण्याचे नाव घेतलेला संघ अमेरिकेत आज गावोगाव आहे. त्याचा आरंभ मात्र अगदीच लाजिरवाणा होता, आणि आमच्या वाचकांपैकी जे दारूबंदीचे कट्टे पुरस्कर्ते आहेत त्यांनी येथे जरा धीर धरावा. सन १८६७ साली न्यूयॉर्क शहरात रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा लागू होता. नाटकांत व गाण्याच्या जलशांत काम करणाऱ्या मंडळीस तर रविवार हाच सुटीचा दिवस. चार्ल्स व्हिव्हियन नावाचा एक तरुण इंग्रज गवई नुकताच तेथे आला होता. त्याच्याभोवती हे नट व गवई एका बोर्डिंगात जमू लागले आणि खासगी बैठकीच्या नावाखाली आपली तहान भागवू लागले. बाटलीच्या बुचांचा एक खेळ व्हिव्हियनने त्यांस शिकविला. इशारा होताच बूच उचलावयाचे, जो मागे राहील त्याने सर्वांस पाजावयाचे; आणि जुने खेळाडू आधीच संगनमत करून नवख्यास फसवीत. त्या बुचांवरून मंडळीने आपणांस "जॉली कॉर्क्स" म्हणजे आनंदी बुचे असे नाव घेतले.

नाताळच्या थोडे आधी ह्या मंडळीतील एक जण वारला. त्याची बायकोमुले उघडी पडली. जी माणसे आदल्या रविवारपर्यंत एकमेकांस फसवून पीत होती, त्यांनी पैसे गोळा केले. आणि गोळा करता करता त्यांच्या ध्यानात आले की, आपणही उद्या मरणार आहो व आपल्या पाठीमागेही असेच होणार आहे. १६ फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांनी मंडळाचे नाव व हेतू दोन्ही बदलले. नाव कोणते घ्यावे ह्यावर मते घेतली, तेव्हा एल्कच्या बाजूने ८ आणि रेड्याच्या जातीच्या बफेलोच्या बाजूने ७ पडली. एका मताने हरिण जिंकला.

ह्या संघाने सन १९२८ साली शिक्षण व इतर परोपकारांसाठी एक कायमचा निधी स्थापिला. पेरणीचे बी बाजूस काढून ठेवावे व पिकावर घर चालवावे, तशी ह्या निधीची मूळ कल्पना होती: मुद्दल राखावयाचे व त्याच्या उत्पन्नातून द्यावयाचे. ह्या निधीतून गेली कित्येक वर्षे दरसाल ५०० विद्यार्थ्यांस चार वर्षांची शिष्यवृत्ती देण्याचा परिपाठ आहे. विद्यार्थ्याच्या घरी कोणी सभासद असलाच पाहिजे अशी अट ह्या शिष्यवृत्तीस नाही. (सभासदांच्या मुलानातवांसाठी निराळी आहे, आणि ती निराळी ठेवली हे आमच्या मते फार चांगले झाले. नाही तर परक्याच्या नावाने काढलेल्या ताटात घरचेच जेवून उठतात, हे आपण पुष्कळदा पाहतो.) अर्जाचा विचार आधी गावचे लॉज करते, मग तो वरच्या पायऱ्यांवर चढतो. अभ्यास, पुढारीपणाचे गुण आणि घरची गरज, ही तीन पाहिली जातात.

रक्कम किती? त्या ५०० पैकी सर्वांत लहान शिष्यवृत्तीचे चार वर्षांचे मिळून ४,००० डॉलर, म्हणजे वर्षाचे १,०००, असे मान असते. अमेरिकेतील कॉलेजाचा वर्षाचा खर्च पाहता ही रक्कम थोडीच आहे. एवढ्यात शिक्षण होत नाही. पुस्तकांचा, प्रवासाचा अथवा काही महिन्यांच्या खोलीभाड्याचा भार उतरतो. तरी पैसे मिळालेली मुले आभाराची पत्रे लिहितात, आणि पुढे कमावती झाल्यावर त्यांपैकी काही स्वतः लॉजात येऊन कामास लागतात. ह्याचे कारण केवळ रकमेत शोधून सापडणार नाही. ज्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलेले नाही, तेथील मुलास पैशाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची वाण असते. त्याला "तुला हे जमेल" असे म्हणणारे घराबाहेरचे कोणी हवे असते. आईबाप म्हणतात ते मायेने म्हणतात, हे त्यास कळते. परंतु गावातील न्हावी, दुकानदार, पेन्शनीत निघालेला शिपाई अशी ओळखीपाळखीची नसलेली माणसे रात्री बसून त्याचा अर्ज वाचतात व त्याचे नाव वर पाठवितात, तेव्हा त्या मुलाची पाठ ताठ होते. मदत घेणाऱ्याची पाठ वाकावी की ताठ व्हावी, ह्यावरूनच मदतीची पारख करावी असे आम्हांस वाटते.

संध्याकाळच्या वर्गात हा पाठ घेणाऱ्यांनी येथे थांबावे आणि मंडळीस विचारावे: आपल्या गावात कोणाच्या शिक्षणास कोणी मदत केली आहे काय? त्या मुलाविषयी आपण चारचौघांत कसे बोलतो? उत्तरे घाईने मागू नयेत.

आता दुसरा प्रकार, म्हणजे कर्जाचा. बंधुसंघांत त्या काळी बायकांस प्रवेश नव्हता. एल्क संघाने तर तो सन १९९५ पर्यंत दिला नाही. परंतु बायका बसून राहिल्या नाहीत. आयोवा प्रांतातील माउंट प्लेझंट गावच्या वेस्लियन कॉलेजात शिकणाऱ्या सात मुलींनी २१ जानेवारी १८६९ रोजी आपला एक भगिनीसंघ काढला. त्याचे नाव पी. ई. ओ. ह्या तीन अक्षरांचे. ह्या अक्षरांचा अर्थ त्यांनी पुष्कळ वर्षे गुप्त ठेविला होता. ज्या कॉलेजात हे रोपटे लागले ते कॉलेज सन २०२३ मध्ये बंद पडले, पण भगिनीसंघ अजून चालू आहे. ह्या बायकांनी सन १९०७ साली एक कर्जफंड उभा केला. गरजू मुलीने अल्प व्याजाने कर्ज घ्यावे, शिकावे, नोकरी लागल्यावर फेडावे. आणि फेडलेला तोच पैसा पुढच्या मुलीस द्यावा. सन १९२७ साली मिझूरी प्रांतातील कॉटी कॉलेज त्याच्या संस्थापिका व्हर्जिनिया कॉटी स्टॉकार्ड ह्यांनी ह्याच संघाच्या हवाली केले. पुढे संघाने शिष्यवृत्त्याही सुरू केल्या, आणि सर्व मिळून मदत झालेल्या मुलींची संख्या एक लाखाच्या पलीकडे गेली आहे.

कर्ज हे नाव ऐकताच आमच्या शेतकरी वाचकांच्या कपाळास आठी पडेल, व ती पडणे रास्तच आहे. सावकाराची वही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. परंतु ह्या दोन कर्जांतील भेद पाहावा. सावकारास देणेकरी बुडाला तर जमीन मिळते, म्हणून तो बुडावा अशी त्याची आतून इच्छा असू शकते. ह्या बायकांस मात्र मुलगी बुडाली तर काहीच मिळत नाही. ती तरली तरच पैसा परत येतो व दुसरीच्या कामी येतो. बापाचे जे म्हणणे आम्ही वर सांगितले, "फुकटाचे नको," त्यातील खरा भाग येथे उपयोगी पडतो. ज्यास फुकट घेणे जड जाते त्याला फेडण्याची वाट मोकळी असावी. आम्ही एक मुलगा पाहिला आहे; त्याने मदत घेतली, शहरात चांगल्या जागी लागला, आणि मदत देणारे वृद्ध गृहस्थ रस्त्यात दिसले की तो दुसऱ्या बाजूने जाई. लोक त्यास कृतघ्न म्हणत. आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्या मनावर ऋणाचा भार होता आणि तो उतरविण्याची काही रीत त्यास कोणी दाखविली नव्हती. दरमहा थोडेथोडे पैसे एखाद्या लहान मुलाच्या फीसाठी देण्यास त्यास कोणी सांगितले असते, तर बहुधा त्यानेच होऊन रस्ता ओलांडून नमस्कार केला असता.

एल्क संघाची कथा आम्ही अर्धीच सांगितली. त्याच्या नियमांत सभासद गोरा असावा असे कलम होते, आणि ते कलम सन १९७३ साली काढले. म्हणजे विधवेसाठी व अनाथासाठी ज्यांनी झोळी फिरविली, त्यांच्या दारात सुमारे शंभर वर्षे कृष्णवर्णीय मनुष्यास बंधू म्हणून पाय ठेवता आला नाही. जोतीराव फुले ह्यांनी सन १८७३ साली आपले "गुलामगिरी" हे पुस्तक ज्या अमेरिकनांस अर्पण केले, ते गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. त्याच देशात मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांस बंधुत्वाच्या सभेचे दार बंद होते, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. गावकुसाबाहेर ज्यांचे आजे राहिले त्यांस हे दार ओळखीचे आहे.

तेव्हा कृष्णवर्णीयांनी काय केले? आर्थर रिग्ज नावाचा एक मनुष्य रेल्वेच्या पुलमन डब्यांत, म्हणजे निजून प्रवास करण्याच्या डब्यांत, नोकर होता. उतारूंचे सामान उचलावे, अंथरुणे घालावी, बूट पुसावे, असे ह्या नोकरांचे काम असे. एल्क संघाच्या गुप्त विधींची एक प्रत त्याच्या हाती आली. चौकशी करता असे आढळले की, ह्या विधींचा छापण्याचा हक्क संघाने नोंदविलेलाच नाही! रिग्जने तो आपल्या नावावर नोंदविला, आणि सन १८९८ साली सिनसिनाटी शहरात बी. एफ. हॉवर्ड व तो अशा दोघांनी पुढाकार घेऊन कृष्णवर्णीयांचा स्वतःचा एल्क संघ स्थापन केला. नावात त्यांनी "सुधारलेला" हा शब्द घातला. त्यातील टोमणा वाचकांच्या लक्षात येईलच. गोऱ्यांचा संघ कोर्टात गेला, आणि सन १९१२ मध्ये न्यूयॉर्क प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने ह्या लोकांनी ते नाव वापरू नये असा निकाल दिला. तरी संघ मोडला नाही; प्रांतोप्रांती वाढतच गेला.

ह्या संघाने सन १९२५ साली शिक्षणाचे एक खाते उघडले. सभासद होते हमाल, आचारी, धोबिणी, शिक्षक, थोडे डॉक्टर व वकील. त्यांच्या वर्गणीतून कृष्णवर्णीय मुलांस कॉलेजासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. शाळेतील मुलांसाठी संघ वक्तृत्वाच्या चढाओढी भरवी, व विषय देशाच्या राज्यघटनेचा असे. ज्या घटनेने दिलेले हक्क त्यांस प्रत्यक्ष मिळत नव्हते, त्याच घटनेवर त्यांनी आपल्या मुलांस बोलावयास उभे केले.

१७ एप्रिल १९४४ रोजी जॉर्जिया प्रांतातील डब्लिन गावी अशी एक चढाओढ झाली. अटलांटाहून एक पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या शिक्षिकेबरोबर तेथे आला होता. कृष्णवर्णीय मनुष्य आणि राज्यघटना ह्या विषयावर तो बोलला. परत जाताना बसमध्ये गोरे उतारू चढले, आणि हाकणाऱ्याने ह्या दोघांस जागा सोडून उठावयास सांगितले. मुलगा उठेना. कायदा पाळला पाहिजे, असे शिक्षिकेने समजाविले तेव्हा तो उठला, आणि सुमारे ९० मैल दोघेही उभ्याने गेली. इतका संताप आपणांस पुन्हा कधी आला नाही, असे त्याने पुढे मोठेपणी सांगितले. त्या मुलाचे नाव मार्टिन लूथर किंग. ज्या सभेने त्यास बोलावयास उभे केले, ती हमाल-धोबिणींच्या पैशावर चालणारी होती.

आता अटींविषयी थोडे. आमच्याकडील एक प्रसिद्ध उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. सन १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी भीमराव आंबेडकर ह्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. करार असा होता की, शिकून आल्यावर बडोदे संस्थानात १० वर्षे नोकरी करावी. आंबेडकर सन १९१७ मध्ये तेथे हजर झाले. महाराजांचे मन मोठे होते. पण त्या शहरात अस्पृश्य मनुष्यास राहावयास खोली मिळेना, कचेरीत त्याचा विटाळ मानण्यात आला, आणि थोड्याच दिवसांत त्यांस मुंबईस परत यावे लागले. करार लिहिल्याप्रमाणे पुरा झाला नाही. त्यांनी सन १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, पुढील वर्षी त्या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले, आणि सन १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या सिद्धार्थ कॉलेजात सन १९४६ पासून गरिबांची मुले शिकू लागली. सयाजीरावांच्या पौंडांचे व्याज कोणास हिशेबात धरावयाचे असेल तर त्याने ही खाती पाहावी.

आईच्या सल्ल्याकडे वळू: देणाऱ्याचे पाय धरावे काय? आमचे मत आहे की धरू नयेत. पण पत्र अवश्य लिहावे. आमच्या मुलांची ह्यात फार कसूर होते. पैसे येईपर्यंत आठवड्यास एक अर्ज, आणि पैसे आल्यावर वर्षभर शब्द नाही. हे बहुधा उर्मटपणाने होत नाही. काय लिहावे हे सुचत नाही म्हणून होते. तेव्हा जे शिक्षक व उपदेशक खेड्यातील मुलांस पत्रे लिहिण्यास मदत करतात, त्यांच्यासाठी थोडे तपशील देतो.

पत्र वर्षातून दोनदा जावे, एकदा वर्ष सुरू झाल्यावर व एकदा निकालानंतर. "आपले अनंत उपकार," "चरणरज," "दीनदास" असले शब्द घालू नयेत. देणाऱ्यास ते वाचून अवघडल्यासारखे होते व लिहिणाऱ्यास लिहिताना. कोणते विषय घेतले, कोणता कठीण वाटतो, पैसे कशात खर्च झाले, हे सरळ लिहावे. नापास झाला असेल तर तेही लिहावे, आणि पुन्हा केव्हा बसणार ती तारीख द्यावी. घरची हकीकत दोन ओळी असावी: पाऊस झाला की नाही, धाकटी बहीण कोणत्या यत्तेत आहे. इंग्रजी येत नसेल आणि देणारा मराठी जाणत नसेल, तर दुसऱ्याकडून भाषांतर करवावे, पण मूळ मराठी पत्र आपल्या हातचे सोबत जोडावे. सही स्वतःची पुरी करावी, आणि पाकिटाच्या मागे गाव, तालुका, जिल्हा व पिनकोड स्पष्ट लिहावा, म्हणजे त्या गृहस्थास उत्तर धाडावेसे वाटले तर ते पोहोचेल.